घुबड बोललं त्या घरचा चहा

मला लिहिता येतं, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. त्यापुढे जाऊन लेख लिहावा, तोही आपल्या सरांवर, हे मला माझंच जास्त झालं असं वाटतं. सरांचे माझ्याहून हुशार विद्यार्थी असतील. पण तर्कशास्त्र घेणारेच कमी, त्यामुळे तेही फार नसतील. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून धाडस करतो आहे. यात जे चुकीचं असेल ते माझं समजावं. सरांनी शिकवण्यात कसर ठेवली नव्हती.

तर्कशास्त्र मी समजून-उमजून घेतलं नव्हतं. अकरावीच्या प्रवेशाला खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "ऑप्शनल काय?" मला तो शब्दच नवीन होता. रांगेत मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "लॉजिक घे, गर्दी नसते." आमच्या गावाकडे एसटी रिकामी दिसली की आधी चढायचं आणि मग कुठली आहे ते विचारायचं, अशी आमची सवय. त्याच सवयीनं मी विषय घेतला.

वर्गात आम्ही तिघं होतो. त्यातला एक पोलीस भरतीसाठी पळायला जायचा, त्यामुळे बहुतेक वेळा दोघंच. सर मात्र भरलेल्या वर्गासमोर उभे असल्यासारखे शिकवायचे. मधूनच थांबून विचारायचे, "मागे आवाज पोचतोय ना?" मागे कुणी नसायचं. पण उत्तर मिळाल्याशिवाय सर पुढे जायचे नाहीत. मग आम्हीच मागे वळून बघायचो आणि म्हणायचो, "पोचतोय सर."

ते सगळ्या मुलांना अहो-जाहो करायचे. मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणणारा माणूस म्हणजे सर. सुरुवातीला मला वाटायचं, ते माझ्यावर रागावले आहेत.

एकदा तासाला त्यांनी 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' या म्हणीवरून कारण आणि योगायोग यांतला फरक समजावला. मग म्हणाले, "पण कावळ्याचं उदाहरण सोपं आहे. कावळ्यावर कुणाचा राग नाही. घुबडाचं घ्या. घराच्या आढ्यावर घुबड बोललं आणि घरातला माणूस गेला. कुणी नेला?"

मी उभा राहून म्हणालो, "घुबडानं, सर."

वर्गातला दुसरा मुलगा हसला. मी चेष्टा केली नव्हती. आमच्याकडे घुबड ओरडलं की आई चुलीत मीठ टाकायची आणि आम्हांला पांघरुणात तोंड घालायला सांगायची. सर हसले नाहीत. म्हणाले, "प्रामाणिक उत्तर आहे. संध्याकाळी घरी या."

सरांचं घर सोलापुरातल्या भवानी पेठेत होतं. गेलो तर दार काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, उघडलं. "वर गच्चीवर आहेत. जा, पण बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "तू बोललास तर ते तुला काही म्हणणार नाहीत. नंतर मला ऐकवतात."

सर पाण्याच्या टाकीला टेकून, डोळे मिटून, कानामागे तळहात धरून बसले होते. मी शेजारी बसलो. खाली कुणाचा तरी मिक्सर चालू होता, रिक्षा जात होत्या, यंत्रमागांचा खटखटाट होता. पुष्कळ वेळानं पलीकडच्या कडुलिंबातून चिरक चिरक असा कुरबुरीचा आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला. सर डोळे न उघडता म्हणाले, "पिंगळा. लहान घुबड. नवराबायको आहेत. भांडण नाही, त्यांचं रोजचंच आहे."

त्या दिवसापासून घुबडं ऐकायला जाताना मी त्यांच्या स्कूटरवर पुढे, चालवायला बसू लागलो. कारण सरांना दिवे लागायच्या वेळेला नीट दिसायचं नाही. घुबडांवर जीव असलेल्या माणसाला तेवढ्याच वेळेला दिसू नये, हे मला वाईट वाटायचं. सरांना वाटायचं नाही. ते म्हणायचे, "पाहिलं की माणूस घाबरतो. त्याचा चेहराच तसा आहे, त्याला ते तरी काय करणार? आधी ऐका. मत नंतर."

एकदा गच्चीच्या कठड्यावर खरंच एक मोठं पांढरट घुबड येऊन बसलं. अगदी हाताच्या अंतरावर. मान वाकडी करून ते आमच्याकडे बघत राहिलं. मी सरांच्या बाहीला हात लावला. "थांबा हो, ऐकतोय," ते म्हणाले. त्यांचा कान दूरच्या चिंचेकडे होता. घुबडानं बराच वेळ वाट पाहिली आणि ते निघून गेलं. मी नंतर सांगितलं तेव्हा सरांनी विचारलं, "बोललं का काही?"

"नाही, सर."

"मग भेट झाली असं म्हणता येणार नाही."

त्यांचा कान अचूक होता असं मी म्हणणार नाही. एका उन्हाळ्यात ते एका अपरिचित घुबडाच्या मागावर होते. लांब, कण्हल्यासारखा आवाज, आणि तो दिवसाही यायचा. सरांनी त्यावर पुष्कळ संध्याकाळी घालवल्या. शेवटी काकूंच्या लक्षात आलं, की वीज गेली की हे घुबड गप्प बसतं. तो गल्लीतल्या टॉवेलच्या कारखान्यातल्या एका मागाचा पट्टा होता. सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात हे स्वतः सांगितलं. "आपल्याला हवा तोच पुरावा मी ऐकत होतो," ते म्हणाले, आणि आम्हांला ते लिहून घ्यायला लावलं. परीक्षेत मी ते उदाहरण दिलं. मार्क मिळाले नाहीत.

घुबडांच्या बाबतीत लोक त्यांना घरी बोलावू लागले ते कसं, ते सांगतो. गल्लीतल्या एका घराच्या पत्र्यावर घुबड बोलायला लागलं होतं आणि त्या घरातल्या म्हाताऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याची सून रडत काकूंकडे आली. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे एक जण रिकामे आहेत, त्यांना नेऊन दाखवा."

सर गेले. पंखे बंद करायला लावले. एप्रिलच्या दिवसांत सोलापुरात पंखा बंद करून सगळं घर घाम पुसत बसलं. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, "याला उंदीर हवा आहे. तुमच्याकडे आहेत का?"

"हायेत की. लई हायेत."

"मग ते त्यासाठी येतं. तुमच्या सासऱ्यांना ते ओळखतही नाही."

सुनेनं चहा केला. सरांनी घेतला. ऑपरेशन चांगलं झालं.

पुढच्या घरी सरांनी चहाला नको म्हटलं, कारण त्यांना शुगर होती आणि सकाळीच काकूंनी रिपोर्ट वाचून दाखवला होता. त्यानंतर त्या घरातल्या बाईचा मामा गेला. घुबड भवानी पेठेत आणि मामा लातूरला, पण अंतराचा मुद्दा कुणी काढला नाही. गल्लीनं निष्कर्ष काढला, की मास्तरांनी चहा घेतला तर घरावरचं टळतं आणि नाही घेतला तर टळत नाही.

सरांना हे कळलं तेव्हा ते आनंदले. इतकं स्वच्छ चुकीचं उदाहरण पुस्तकातही नाही, असं म्हणाले. पण मामा गेलेल्या त्या बाईच्या घरच्यांनी मध्यंतरी वळचणीखाली मिरच्यांची धुरी दिली होती. घुबडाला दगड मारायचा नसतो. मारला तर ते दगड उचलून नेतं, घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. धुरीबद्दल तसं काही सांगितलेलं नाही. सकाळी गटाराच्या कडेला पिल्लं पडली होती. सर तिथं वाकून उभे राहिले. कापसासारखी पिसं वाऱ्यानं हलत होती. 

त्यानंतर कुठल्याही घरून बोलावणं आलं की सर उंबरा ओलांडतानाच म्हणायचे, "चहा टाका."

मी एकदा भीत भीत विचारलं, "सर, पण आपण तर वर्गात..."

"खोट्या आधारविधानांवरून कधीकधी खरा निष्कर्ष निघतो. पान उघडून बघा. दिलेलं आहे," ते म्हणाले. मी बघितलं. होतं.

पाणी यायच्या दिवशी मात्र सर कुठंही जात नसत, कारण गल्लीभर मोटारी चालू असत. त्या दिवशी घुबड बोललं तर लोकही मनावर घेत नसत. पाणी भरायचं की घाबरायचं, असा प्रश्न असायचा.

आता आज्जींचं सांगतो. खरं तर हे एवढंच सांगायला मी बसलो आहे.

मागच्या बोळात एक आज्जी आजारी होत्या. त्यांचा मुलगा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. दवाखान्यातून आज्जींना घरी आणलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, की आता सेवा करा. त्यांची खाट होती त्याच खोलीच्या भिंतीत, वर पत्र्याला लागून एक भोक होतं. त्यातून रोज दिवेलागणीला कुणीतरी मोठ्यानं फुसफुस श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा. घरातल्यांचा समज असा, की घुबड आज्जींचा श्वास ओढून घेतंय.

आम्ही पोचलो तेव्हा मुलगा घमेल्यात सिमेंट कालवून, शिडी लावून तयार होता. सरांनी पंखा बंद करायला लावला. ऐकलं.

"ही पिल्लं आहेत," सर म्हणाले. "भूक लागली की ती असा आवाज करतात. तुम्ही भोक बुजवलंत तर ती आत मरतील."

"आन् न्हाय बुजवलं तर माजी आई मरंल," मुलगा म्हणाला. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता. "तुमीच सांगा मास्तर, मी कुनाचं बगू? आन् जरा सरका, माल घट्ट व्हायलाय."

 कारण आणि योगायोग यांतला फरक सरांना तिथं सांगता आला असता. पण खाटेवर आज्जी होत्या आणि त्यांचे डोळे उघडे होते.

"पिल्लं उडेपर्यंत थांबा," सर म्हणाले. "तोवर मी रोज येतो. चहा घेतो."

 आतून सुनेनं विचारलं, "साकर घालून?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी घमेल्याकडे बघितलं.

"घालून," सर म्हणाले.

मुलगा शिडीवरून उतरला. माल वाया जाऊ नये म्हणून त्यानं मोरीचा फुटका कठडा नीट करून घेतला.

घरी काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तर्कशास्त्र शिकवता की पंचांग बघता?"

"सध्या दोन्ही," सर म्हणाले.

काकूंनी त्यांचा भात बंद केला, भाकरी अर्धी केली आणि रोज कारलं सुरू केलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू सोबत असतोस ना? अर्धा कप तू पीत जा." दुसऱ्या दिवशी मी बशी पुढे केली, तर खाटेवरून आज्जी म्हणाल्या, "वाटून घेतल्याला चा चालत न्हाय." आजारी पडल्यापासून त्या एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलल्या, असं सून म्हणाली.

मग रोज तेच. पंखा बंद, सर कानामागे हात लावून, आज्जी त्यांच्याकडे बघत.

"काय म्हनलं ते?" आज्जी विचारायच्या.

"भूक लागली म्हणालं."

"माजं काय म्हनलं?"

"तुमचं काही माहीत नाही म्हणालं."

"बरं हाय. मलाबी त्याचं काय म्हाईत न्हाय."

हळूहळू आज्जी दिवेलागण झाली की पाठीशी उशी लावायला सांगू लागल्या. एक दिवस वर मोठं घुबड उंदीर घेऊन आलं असावं, कारण आत एकदम कालवा झाला. आज्जी कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "ह्यांचं बी आमच्यावानीच हाय की. आई आली का सगळी वरडत्यात."

सरांच्या पायाला या दिवसांत मुंग्या येऊ लागल्या होत्या. एका बोटाला जखम झाली ती लवकर भरेना. डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर सुनावलं. काकूंनी एक दिवस स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. सर चालत गेले, भिंतींना हात लावत. मी सोबत होतो. मी म्हणालो, "सर, आज नाही गेलं तर?"

"तर आज रात्रीच ते भोक बुजवतील. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बुजवलं असतं. आई त्यांची आहे."

पुढे थोडं चालून ते म्हणाले, "तुमच्या जागी असतो तर मला घरी परत नेलं असतं. पण तुम्हांला सुचलं नाही, ते बरं आहे."

मला सुचलं होतं. पण सरांना काही सांगायची मला सवय नव्हती.

पिल्लं उडाली. एक पिल्लू समोरच्या घराच्या डिशवर जाऊन बसलं आणि त्या घरची मालिका दिसेनाशी झाली, यावरून गल्लीला कळलं. त्याच सुमाराला आज्जी भिंत धरून मोरीपर्यंत गेल्या, नवा कठडा वाकडा बांधलाय म्हणून मुलाला बोलल्या आणि त्या बऱ्या झाल्या असं सगळ्यांनी धरलं. सरांच्या नावानं पेढे वाटले. सरांनी पेढा हातात धरून ठेवला.

परतताना ते स्कूटरवर मागून म्हणाले, "तुम्ही साक्षीदार आहात. तर्कशास्त्राचं माझ्याइतकं नुकसान या शहरात कुणी केलेलं नाही."

मी म्हणालो, "पण सर, पिल्लं वाचली."

"हो. आणि आता या गल्लीत कुणाला कधीही पटणार नाही, की चहाचा काही संबंध नव्हता. मीच पुरावा तयार करून दिला."

आणखी एक गोष्ट होती. निघताना सरांनी आज्जींच्या मुलाला सांगितलं होतं, की तीच घुबडं पुन्हा तिथंच येतील, भोक तसंच राहू द्या. मुलगा हात जोडून म्हणाला होता, "तुमी हायसा तवर ऱ्हाऊ दे, मास्तर. तुमच्या मागारी काय ते बगू." त्याला वाटलं तो सरांचा मान ठेवतोय. सर मात्र त्या वाक्यावर बरेच दिवस अडून होते. "माझ्यावर टिकलेली गोष्ट ही टिकलेली गोष्टच नाही," असं ते मला म्हणाले. त्यांना घुबडाचं भोक घुबडाच्या हक्कानं हवं होतं. तसं ते कुणाला समजावून सांगायला गेले की लोक म्हणायचे, "व्हय मास्तर, बरोबर हाय तुमचं. चा घेनार न्हवं?"

बी.ए. झाल्यावर मी पुढे शिकायला कोल्हापूरला आलो. विषय तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान. वडिलांनी विचारलं, "त्यानं काय व्हतं?" मी सरांना विचारून सांगतो म्हटलं. सर फोनवर म्हणाले, "त्यांना सांगा, चांगला प्रश्न आहे."

महिन्यातून एकदा तरी आमचं बोलणं व्हायचं. तब्येतीचं विचारलं की ते घुबडांची सांगायचे. आज्जींकडची जोडी पुन्हा आली होती. सर अजून जात होते. आता रोज नाही, आठवड्यातून कधीतरी, काठी घेऊन. माझी परीक्षा जवळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "आता फोन करू नका. पेपर झाल्यावर बोलू."

शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी फोन वाजला. काकू होत्या.

"झाली का परीक्षा?"

"झाली, काकू."

"सगळे पेपर झाले ना? एखादा राहिला असला तर सांग, मी नंतर करते."

"नाही काकू, सगळे झाले."

मग त्यांनी सांगितलं. सर झोपेतच गेले होते. दिवस-कार्यसुद्धा उरकलं होतं. "परीक्षा होऊ दे म्हटलं," काकू म्हणाल्या. "त्यांनीही तेच सांगितलं असतं."

हॉस्टेलच्या जिन्यात मी उभा होतो. मुलं सामान घेऊन वरखाली करत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. सरांच्या पायाचं विचारायला हवं होतं, काकूंजवळ कोण आहे ते विचारायला हवं होतं. मी विचारलं ते असं, "काकू, घुबड बोललं होतं का?"



"तूपण का?" काकू म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता. "भेटायला आलेला एकूण एक माणूस हेच विचारून गेला. नाही बोललं. मी जागीच होते. लिंबातले पिंगळेसुद्धा बोलले नाहीत."

मी म्हणालो, "चुकलं, काकू."

"असू दे."

मग मला आज्जींच्या भिंतीतलं भोक आठवलं. विचारायचा धीर होईना, पण काकूच सांगू लागल्या. सरांचं कार्य झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आज्जींच्या मुलानं सिमेंट आणलं होतं. तो शब्दाचा पक्का होता. सर आहेत तोवर म्हणाला होता, सर राहिले नव्हते. शिडीही लावली होती.

"मग?" मी विचारलं.

"आज्जीनं शिडीच्या पायरीवरच बसकण मारली. उठेचना. मला हाक मारून बोलावलं घरच्यांनी. मी गेले तर आज्जी मुलाला सांगत होती, 'मास्तर गेला तवा ते गप बसलं हुतं. एवडा रोजचा मानूस, त्याचंबी त्याला कळलं न्हाय. त्ये माजं काय सांगतंय? ऱ्हाऊ दे तितं बिचाऱ्याला.'"